जुना सागवानी पेटारा: काय काढायचं, काय ठेवायचं

तुमच्या लांबलचक पत्राचा गोषवारा असा. राजापूरकडच्या आजोळच्या घरातला सागवानी पेटारा वाटणीत तुमच्याकडे आला आहे. घरात सगळे तो शंभर वर्षांचा सांगतात. बाहेरून चुलीच्या धुराने काळा पडलाय, पितळी पट्ट्या हिरवट झाल्यात, झाकणाला लांब तडा आहे, मागच्या फळीला बारीक भोकं आहेत, एक बिजागरी तुटली आहे आणि आत कुबट वास आहे. तो पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणून त्यात साड्या ठेवायच्या आहेत. पॉलिशवाला म्हणतो, "मशीनने घासून मेलामाईन मारतो, नवा करकरीत होईल." तुम्हाला तो नवा नकोय, वापरता यावा इतकंच हवंय. शेवटी विचारलंय, की अमेरिकेतल्या भावाला पाठवता येईल का.

पॉलिशवाल्याला थांबवलंत हे फार बरं केलंत. जुन्या सागाचा तो खोल तपकिरी रंग वरच्या अगदी पातळ थरात असतो, मिलिमीटरभरही नाही. उजेड, हवा, धूर आणि माणसांचे हात यांनी तो थर तयार होतो. मशीन फिरलं की खाली फिकट पिवळसर लाकूड उघडं पडतं, आणि मग त्याला स्टेन लावून 'जुना' करावं लागतं. कडांची झीज, कडीच्या रोजच्या आपटण्याने पडलेली चंद्रकोरीसारखी खूण, हाताने मारलेल्या रंध्याच्या हलक्या लाटा, हे सगळं एका दुपारी जातं आणि ते परत आणायचा कुठलाही उपाय माझ्यापाशी किंवा कुणापाशीच नाही. म्हणून माझा नियम एकच: पुढे कुणाला काढून टाकता येईल असंच काहीही लावायचं, आणि काढायचा फक्त मळ. मेलामाईन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक थर, या नियमात बसत नाही. ते काढायचं तर पुन्हा घासावंच लागतं.

काम सुरू करण्याआधी पेटारा उजेडात उलटासुलटा करून नीट बघा. आतला तळ आणि झाकणाची आतली बाजू सगळ्यात जास्त बोलते. हातकरवतीच्या तिरक्या, असमान रेघा आहेत की एकसारख्या? खिळे चौकोनी, ठोकून घडवलेले आहेत की गोल तारेचे? स्क्रू असतील तर एक काळजीपूर्वक काढून टोक बघा. बोथट टोकाचे स्क्रू साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीचे, अणकुचीदार टोकाचे त्यानंतरचे. अर्थात एखादी बिजागरी मागाहून बदललेली असू शकते, तेव्हा एका स्क्रूवरून पेटाऱ्याचं वय ठरवू नका. सगळ्या बाजूंचे फोटो काढा, प्रत्येक खिळा-स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच्या नावाने पुडीत ठेवा.

आता सफाई. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि घाई केली तर निम्मं नुकसानही. आधी कोरडी: मऊ कुंचला आणि व्हॅक्यूम, सांध्यांत साचलेला कचरा बांबूच्या काडीने. मग पाठीमागे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, तळहाताएवढ्या जागेवर प्रयोग करा. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब चालतील, रिठ्याचं पाणीही चालतं. बोळा लाकडावरून फिरवायचा, घासायचा नाही. बोळ्यावर काय येतंय ते बघत राहा. काळं-करडं येतंय तोवर तो मळ आहे. कोऱ्या चहासारखा पिवळट-तपकिरी रंग येऊ लागला की हात थांबवा, कारण आता निघतंय ते जुनं पॉलिश. ओली जागा लगेच कोरड्या फडक्याने पुसा. बोळा बुडवायचं पाणी गढूळ झालं की बदला, नाहीतर मळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला जातो.

पाण्याने हलत नाही असा चिकट काळा थर कोकणातल्या पेटाऱ्यांवर हमखास असतो. सणासुदीला खोबरेल तेलाचा हात फिरवायची पद्धत घरोघरी होती. खोबरेल तेल जवसासारखं वाळून घट्ट होत नाही. ते ओलसरच राहतं, खवट होतं, आणि चुलीची काजळी, धूळ पकडून ठेवतं. वर्षानुवर्षांचा तो थर टर्पेंटाईनने सुटतो. बोळा टर्पेंटाईनमध्ये ओला करून हात हलका ठेवून फिरवा, खिडक्या उघड्या आणि जवळपास दिवा किंवा गॅस नको. टर्पेंटाईनने तेल आणि मेण सुटतं, लाखेच्या पॉलिशला त्याने काही होत नाही, म्हणून हा प्रयोग सुरक्षित आहे. स्पिरिटचं मात्र उलट आहे: स्पिरिटने लाख विरघळते. मागच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाका. जागा मऊ, चिकट झाली तर पेटाऱ्यावर लाखेचं पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर बहुधा नुसतं तेल. ही परीक्षा आत्ताच करून ठेवा, शेवटचा हात काय मारायचा ते यावर ठरतं.

कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुणारे लोक भेटतील. त्याने साग काळवंडतो, सांध्यातला सरस सुटतो, आणि सोडा लाकडात राहून पुढचं कुठलंही पॉलिश टिकू देत नाही. पेटाऱ्यावर जुना तैलरंग असेल, विशेषतः हिरवा-पिवळा-लाल, तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरा आणि कोरडा घासू नका. चित्रं किंवा नक्षीचं रंगकाम दिसलं तर घरी हातही लावू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धनाचा स्वतंत्र विभाग आहे, आधी तिथे विचारा.

खिळ्यांभोवती निळसर-काळे डाग दिसतील. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की असा डाग पडतो. हिरडा आणि लोखंडापासून पूर्वी शाई करत, तीच ही क्रिया. ऑक्झॅलिक ॲसिडने हे डाग फिके करता येतात, पण मी करत नाही. ॲसिड भोवतालच्या लाकडाचाही रंग नेतं आणि प्रत्येक खिळ्याभोवती एक फिकट वर्तुळ उरतं. ते काळ्या डागापेक्षा कितीतरी जास्त डोळ्यात भरतं.

आता तुमची बारीक भोकं. फोटोत ती फळीच्या कडेच्या फिकट पट्ट्यातच दिसतात, आणि हे लक्षण चांगलं आहे. सागाचा गाभा किडीला सहसा दाद देत नाही. कडेचं कच्चं लाकूड मात्र भुंग्याला खाता येतं. प्रश्न एवढाच, की कीड आत्ता जिवंत आहे का. भोकातून पिठासारखी, फिकट, ताजी भुकटी पडत असेल तर हो. भोकाच्या कडा काळवंडलेल्या आणि आत जळमटं असतील तर भुंगे केव्हाच उडून गेलेत. खात्रीसाठी पेटारा झाडून घ्या, खाली काळा कागद अंथरा आणि उन्हाळ्याचे काही आठवडे तसाच ठेवा. कागदावर भुकटी आली तरच उपचार करा. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून लाकडासाठीचं द्रव कीटकनाशक आणून सिरिंजने एकेका भोकात सोडायचं, मग भोकं मेणाने बंद करायची. बंद केल्यावर नवं भोक पडलं तर लगेच कळतं, हा त्यातला खरा फायदा. विषारी औषध नको असेल आणि आंब्याच्या पल्पचं शीतगृह ओळखीत असेल, तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे 20 अंशांना दोन आठवडे ठेवल्यानेही कीड मरते. बाहेर काढल्यावर पेटारा पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडू नका, नाहीतर सगळ्या लाकडावर दव साचेल. रॉकेल ओतू नका. ते उडून जातं, कीड राहते आणि वासही राहतो. सेल्फॉसच्या गोळ्या तर घरात कुणी सुचवल्या तरी नको. त्यांतून निघणारा वायू माणसं मारतो.

वाळवीचं वेगळं. ती जमिनीतून मातीच्या नळ्या करत येते. पेटाऱ्याच्या तळाला मातीची रेघ दिसली तर ती खरवडा, पण औषध जिथून ती आली त्या जमिनीला आणि भिंतीला लागतं.

झाकणाच्या तड्याबद्दल तुम्ही विचारलंय, 'एपॉक्सी भरू का?' नका भरू. हा भाग सविस्तर सांगतो, कारण कोकणातून घाटावर आलेल्या लाकडी वस्तू सगळ्यात जास्त इथेच बिघडतात. लाकूड तोडून शंभर वर्षं झाली तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत जवळपास काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो. दीड फूट रुंदीचं सागाचं झाकण राजापूरच्या श्रावणात आणि पुण्याच्या एप्रिल-मेमधल्या दुपारी एकाच मापाचं नसतं. तीन-चार मिलिमीटरचा, म्हणजे सुतारांच्या भाषेत एक सूत किंवा थोडा जास्तच, फरक पडू शकतो. झाकणाच्या खाली आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत, त्या स्वतःच्या लांबीत आकसत नाहीत. मधली फळी आकसते, पण खिळ्यांनी जखडलेली, म्हणून तिला तडा जातो. तुमचा तडा बहुतेक असाच आहे. उन्हाळ्यात रुंदावलेली फट तुम्ही एपॉक्सीने गच्च भरलीत, तर पावसाळ्यात फळी फुगायला जागा उरणार नाही. मग ती शेजारी नवा तडा देईल किंवा बिजागऱ्यांवर ताण आणेल.

म्हणून आधी पेटारा पुण्याच्या हवेला सरावू द्या. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये आणू नका. पावसाळा सरल्यावर आणा. पहिले काही आठवडे जुन्या चादरी-गोधडीत गुंडाळून ठेवा, म्हणजे ओलावा सावकाश जाईल. एसीचा झोत, बाल्कनीचं ऊन, बाहेरची ओली भिंत यांपासून दूर, खाली दोन इंचाचे ठोकळे. एक वर्ष फट नुसती बघायची. वर्षभरानंतरही ती डोळ्याला खटकली तर जुन्या सागाची बारीक पट्टी फटीत बसेल अशी तासून एकाच बाजूला सरसाने चिकटवायची, दुसरी बाजू मोकळी. पट्टी नव्या लाकडाची असेल तर ती रंगात वेगळी दिसते. जुनं दार-खिडकी मोडणाऱ्यांकडून एक तुकडा मिळवा. बऱ्याच पेटाऱ्यांची फट मी तशीच ठेवली आहे आणि मालकांनी वर्षभरात तिच्याकडे बघणंच सोडून दिलं.

सांधे ढिले असतील तर सरसाशिवाय दुसरं काही वापरू नका. सरस रात्रभर पाण्यात भिजवायचा, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून साधारण 60 अंशांपर्यंत वितळवायचा. उकळला की त्याची ताकद जाते. जुन्या सरसावर नवा सरस छान धरतो. फेविकॉल जुन्या सरसाच्या थरावर नीट पकडत नाही, आणि एकदा पकडला की पुढच्या दुरुस्तीत कुसू (सांध्यात बसवलेला लाकडी दात) मोडल्याशिवाय सुटत नाही. काही घरांमध्ये सरस चालत नाही, कारण तो जनावराच्या कातड्या-हाडांपासून होतो. देवाची वस्त्रं ठेवायच्या पेटाऱ्यासाठी तर मला हे अनेकदा सांगितलं गेलंय, आणि त्यांचं म्हणणं मानावंच. अशा वेळी सांधा साफ करून कोरडाच बसवायचा आणि बांबूच्या मेखांनी आवळायचा. पूर्वीच्या सुतारांनी कितीतरी पेटारे असेच जोडले आहेत. बिजागरीच्या स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर जाड स्क्रू घुसवू नका. बांबूची काडी भोकात ठोकून कापा आणि जुनाच स्क्रू परत बसवा.

तुटलेली बिजागरी फेकून द्यायची नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्या-पितळेचं हाताने काम करणारे कारागीर अजून आहेत. डाग देऊन (झाळून) जोडता आली तर उत्तम, नाहीतर त्याच नमुन्याची घडवून मिळते. जुनंच हवं असेल तर मुंबईच्या चोर बाजारात कड्या, कोयंडे, बिजागऱ्या मिळतात, माप घेऊन जा. हुबेहूब नमुना कसा होता याचा अंदाज हवा असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या जुन्या घरगुती वस्तू निवांत बघून या.

पितळेला चिंच, लिंबू, पितांबरी लावायचा मोह आवरा. भांड्यांसाठी ते योग्यच आहे, पण पेटाऱ्यावरची पट्टी लाकडाला ठोकलेली असते. आंबट पाणी पट्टीखाली शिरतं आणि तिथेच राहतं, नक्षीच्या खाचांत पांढरी भुकटी अडकते. शिवाय आम्लाने पितळेतलं जस्त आधी जातं आणि मागे तांबूस चट्टे उरतात. अमोनियावाली चकचकीत करणारी द्रावणंही नकोत. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि न तापवता घडवलेल्या पितळेतला ताण मिळून ते होत होतं, हे 1921 मध्ये संशोधकांनी उलगडलं. तुमच्या ठोकून बनवलेल्या पट्ट्यांतही असाच ताण असतो.

मग करायचं काय? हिरवी, भुसभुशीत पूड बांबूच्या काडीने आणि ताठ ब्रशने कोरडीच काढा, कारण ती पुढे पितळ खात राहते. गुळगुळीत, गडद तपकिरी थर राहू द्या, तो पितळेचं रक्षण करतो. थोडी चमक हवीच असेल तर खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवून बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने फक्त उंचवट्यांवर फिरवा, आजूबाजूच्या लाकडाला स्पिरिट लागू न देता. खाचांमधला काळोख तसाच ठेवा, त्यानेच नक्षी उठून दिसते. लोखंडी कड्या-खिळ्यांचा गंज अगदी बारीक स्टील वूल आणि थेंबभर तेलाने उतरवा, तेल पुसून कोरडं करा आणि हिरड्याचा दाट काढा लावा. उरलेला गंज काळा होऊन बसतो. काढा लाकडावर ओघळू देऊ नका, तिथेही काळं होईल. कुलूप अडकलं असेल तर किल्लीला मऊ पेन्सिलीचं शिसं घासून हलकेच फिरवा, जोर लावू नका.

आतल्या बाजूला तेल अजिबात नको. जवसाचं तेल बंद पेटीत वर्षानुवर्षं वास देत राहतं आणि साड्यांना डाग पाडतं. झाकण उघडं ठेवून सावलीत, वाऱ्यावर काही दिवस ठेवा, आत लोणारी कोळशाची उघडी भांडी ठेवा, कोळसा अधूनमधून बदला. डांबरगोळ्यांचा वास लाकडात मुरलेला असेल तर तेवढ्याने जाणार नाही. अशा वेळी आतून पातळ लाखेचे दोन हात मारायचे. लाख वास कोंडून ठेवते, पूर्ण वाळली की कपड्याला लागत नाही आणि हवं तेव्हा स्पिरिटने निघते. वाळायला भरपूर वेळ द्या. त्यानंतरही साड्या थेट लाकडाला टेकू नयेत, धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. जरीसाठी तर हे हवंच. नव्या डांबरगोळ्या नकोत, वेखंडाच्या पुरचुंड्या पुरतात, बाकी काम दर दोन-तीन महिन्यांनी उघडून घड्या मोडण्याने होतं.

बाहेरचा शेवटचा हात. स्पिरिटच्या परीक्षेत लाख निघाली असेल तर चपडी लाख, लिटरभर स्पिरिटला 100 ग्रॅम, इतकी पातळ करून मलमलीत बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने एक-दोन हात द्या. जुनी लाख थोडी विरघळून नव्यात मिसळते आणि बारीक चिरा बुजतात. पावसाळी हवेत हे करू नका, पॉलिश पांढुरकं पडतं. लाख ताजी भिजवलेली हवी, फार जुनी झालेली नीट वाळत नाही. निव्वळ तेलाचा पेटारा असेल तर डबल बॉईल जवस तेलाचा एकच पातळ हात, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाकायचं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

दोन्हींवर शेवटी मेण. मधमाशांचं मेण एक भाग, टर्पेंटाईन दोन-अडीच भाग. मेण गरम पाण्याच्या भांड्यात वितळवून, विस्तवापासून लांब नेऊन मग टर्पेंटाईन घाला. आपल्या उन्हाळ्यात नुसतं मधमाशांचं मेण चिकचिकतं, म्हणून त्यात थोडं कार्नोबा मेण (झाडाच्या पानांपासून मिळणारं कडक मेण) मिसळा. पातळ लावायचं, अर्ध्या तासाने सुती फडक्याने चोळायचं. वर्षातून एकदा पुरे.

अमेरिकेचं. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांची किंवा त्याहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पेटारा त्याहून नवा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. घरात सगळे शंभर वर्षं म्हणतायत, तेव्हा पॅकिंगचा खर्च करण्याआधी ही तपासणी करून घ्या. मला विचाराल तर तो इथेच राहू द्या. न्यूजर्सीच्या हीटर लावलेल्या घरातली हिवाळ्यातली कोरडी हवा या झाकणाला पुण्याच्या मे महिन्याइतकीच जड जाईल.

पेटारा घरी आला की तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक खूण करा आणि रुंदी मोजून तारखेसकट लिहून ठेवा. एकदा ऑगस्टमध्ये मोजा, एकदा मेमध्ये. ते दोन आकडे आणि फटीचा जवळून काढलेला फोटो पाठवा, पट्टी बसवायची की नाही आणि किती जाडीची, ते त्यावरून सांगतो.